रविवारची शांतता

सिनिवाला त्या दिवशी फक्त थोडी शांतता आणायची होती. दुसऱ्या कुणाला नारळ आणायला धाडावं, तसं इसिलेलीनं तिला शांतता आणायला धाडलं होतं.

इसिलेलीचा स्टुडिओ बेटावरच्या नुकुअलोफा शहरात, बंदरालगत, मासे साठवायच्या जुन्या खोलीत होता. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, तरी दमट हवेत माशांचा वास सुटायचाच, आणि गाणाऱ्यांची तोंडं वाकडी व्हायची. सिनिवा ऑकलंडला ध्वनिमुद्रण शिकून नुकतीच परतली होती. हे तिचं पहिलंच काम. खोलीत बसायला एकच स्टूल होतं. कुणी बसलं की ते करकरायचं, उठलं की गप्प. त्यावर इसिलेली बसे आणि सिनिवा उलट्या बादलीवर.

"गावच्या चर्चच्या गायकांचं हे काम नीट पार पाड," इसिलेली म्हणाला होता, "म्हणजे हे स्टूल तुझं. मी मग दारात खुर्ची टाकून लोकांशी भांडत बसेन. नाही जमलं, तर आईच्या दुकानात पाव विकायला तू मोकळी."

"पण स्टूल करकरतं, दादा."

"मग बसल्यावर हलू नये. निम्मा धंदा तोच आहे."

गावात, चर्चशेजारच्या दालनात मुद्रित केलेलं गाणं झकास झालं होतं. अडचण होती ती दोन कडव्यांच्या मधल्या जागांची. एका ठिकाणी कुणी खोकलं होतं, एका ठिकाणी डुकरानं आपलं मत दिलं होतं, आणि मागं सगळीकडे टकटक टकटक चालली होती. गावातल्या बायका झाडाची साल ठोकून कापड करतात, त्याची. सिनिवानं हे सगळं हलक्या हातानं कापून काढलं. पण आवाज कापला की तिथं भोक पडतं, बघा. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्याच कानाला दडा बसला. त्या भोकाला ठिगळ लागतं ते त्याच खोलीच्या शांततेचं. दुसऱ्या खोलीची शांतता चालत नाही, रंग जुळत नाही.

आणि गावात सहा दिवस शांतता मिळते कुठं? मिळते ती रविवारी. त्या दिवशी दुकान नाही, बस नाही, हातोडी नाही. पण त्याच दिवशी कामही करायचं नाही.

गायकांचे म्होरके केपुएलीकाका ऐकूनच उखडले. "रविवारी काम? पोरी, तू ऑकलंडला शिकलीस की बिघडलीस?"

"काम नाही, काका. मी काहीच करणार नाही. नुसती बसणार."

"आणि ते मशीन?"

"तेही काहीच ऐकणार नाही. ऐकण्यासारखं काही नसावं, एवढंच मला हवंय."

काकांनी बराच वेळ डोकं खाजवलं. "काही न करणं हे पाप नव्हे," ते शेवटी म्हणाले. "आमच्यातले खर्ज लावणारे वर्षानुवर्षं तेच करत आलेत."

रविवारी दुपारी सगळं गाव जेवून आडवं झालं होतं. जमिनीतल्या भट्ट्यांचा धूर विझत आलेला. नारळाच्या दुधात शिजलेल्या पानांचा वास हवेत सांडून राहिला होता. उन्हात रस्ता पांढराफटक पडला होता आणि त्यावर साधं कुत्रंही नव्हतं. चर्चशेजारच्या दालनात सिनिवा शिरली. आत खोबरेल, चटया आणि जुन्या लाकडाचा कोंदट वास. शेवटच्या बाकाचा कोपरा तेवढा सपाट दिसला, तिथं तिनं मशीन ठेवलं, माइक उभा केला, कानाला हेडफोन लावले आणि पुढच्या बाकावर बसून राहिली.

शांतता उत्तम होती. जाडसर, उबदार. सिनिवाला हसू आलं. मनातल्या मनात ती स्टुलावर बसलीसुद्धा.

आणि मग...

"हम्म्म्..."

अगदी खालच्या पट्टीत. गाणं सुरू व्हायच्या आधी माणूस सूर चाचपतो, तसं. तिनं हेडफोन काढले. काही नाही. भिंतीवर एक पाल, तीही निजलेली. हेडफोन लावले.

"हम्म्म्..."

लांबून नव्हे. चहाच्या कपाशी ओठ असावेत, इतकं माइकच्या जवळ. कुणी गायक बाकाखाली झोपला असेल म्हणून ती वाकली. खाली एकच चप्पल होती, तीही मुलाची. सिनिवानं मशीन उचललं आणि ती बाहेर पडली. धावली नाही, रविवार होता. पण चालली मात्र फार भरभर.

घरी आडव्या झालेल्या केपुएलीकाकांनी पडल्या पडल्याच हेडफोन लावले आणि ताडकन उठून बसले.

"हा तर पेनी!"

पेनी म्हणजे सिनिवाचा सख्खा काका. खर्जात गायचा. ती ऑकलंडला असताना वारला. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन तो सगळं गाव फिरवायचा.

"गाण्याआधी असाच सूर शोधायचा बिचारा," केपुएलीकाका म्हणाले. "जन्मभर शोधला, सापडला नाही. मशीन कुठं ठेवलं होतंस?"

"शेवटच्या बाकावर. कोपऱ्यात."

"अगं, ती त्याची जागा! तो गेल्यापासून तिथं कुणी बसत नाही. तू मशीन त्याच्या मांडीवर ठेवलंस!"

सिनिवाला घाम फुटला. आणि खरं सांगायचं, तर तिला थोडं बरंही वाटलं. मांडी ओळखीची होती. पण ठिगळात पेनीकाकाचं गुणगुणणं कसं चालेल? रेकॉर्डिंग याच महिन्यात द्यायचं होतं, आणि पाव विकणं तिला मुळीच आवडत नव्हतं.

"प्रार्थना करू या का?"

"पेनी प्रार्थनेला झोपायचा. त्याच्यावर एकच उपाय आहे. तुझी आत्या."

हा उपाय बिनतोड होता. तिथं भावापेक्षा बहिणीचा मान मोठा. वयात आलेला भाऊ बहिणीसोबत एका खोलीत बसत नाही. ती आत आली, की हातातला घास ठेवून तो बाहेर जातो. तोआकासेआत्या तर पेनीहून थोरली, आणि आत्याचा शब्द घरात कुणी मोडायचा नाही.

आत्या चटईवर पंखा हलवत बसली होती. "मेलेल्या भावाला हाकलायला मला बोलावता? लाज नाही वाटत?"

"तुम्ही काही करायचं नाही, आत्या. नुसतं येऊन बसायचं."

"असं होय. मग रविवारी चालेल."

पुढच्या रविवारी सिनिवा आणि केपुएलीकाका दालनात थांबले होते, तिथं आत्या आली. चर्चला जाताना मानानं गुंडाळतात ती चटई कमरेला, हातात पंखा. ती बसली तसा बाक कळवळला. शेवटच्या बाकाकडे तिनं पाहिलं नाही, पाहायचं नसतंच. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "ज्याला थोरल्या बहिणीची चाड असेल, त्यानं जरा बाहेर जाऊन सावलीत बसावं."

बाहेर पानही हलत नव्हतं.

मग बाजूचं दार... सावकाश उघडलं. क्षणभर तसंच राहिलं. आणि हलकेच लागलं. चपला हातात घेऊन जाणारा माणूस लावतो ना, तसं.

केपुएलीकाकांनी गाण्यांचं पुस्तक डोक्यावर धरलं होतं. आत्यानं पंख्याआड डोळे पुसले. "लहानपणापासून गुणी हो माझा पेनी. मी दारातून आले, तर हा खिडकीतून जायचा."

सिनिवानं मशीन सुरू केलं. हेडफोन लावणार, तोच आत्यानं हात धरला. "कानाला काही लावू नकोस. ऐकणं हे तुझं काम आहे, आणि आज रविवार."

आत्यापुढं कोण बोलणार? सगळे गप्प बसून राहिले.

सोमवारी माशांच्या खोलीत दाटीवाटीनं बसून चौघांनी ते ऐकलं. शांतता छान उतरली होती. जाडसर, उबदार. सिनिवानं स्टुलाकडे चोरून पाहिलं.

"हम्म्म्..."

"निर्लज्ज!" काका ओरडले. "बहिणीसमोर?"

आत्याचा पंखा थांबला. "पेनी बाहेर गेला. दार तुम्हीही पाहिलंत."

"हो, पण मग हा..."

"थांबा," इसिलेली म्हणाला. तो धंद्याचा माणूस. "सिनिवा, सूर कुठला आहे बघ."

सिनिवानं पुढचं कडवं लावून ताडून पाहिलं. "तोच, दादा. कडवं जिथून उठतं, बरोबर तोच. केसभरही इकडेतिकडे नाही."

"बरोबर?" केपुएलीकाकांचा आवाज उतरला. "मग... मग पेनी नाही."

भिंतीवरच्या गाद्याही ऐकत असल्यासारख्या वाटल्या.

"म्हणजे पहिल्या वेळीही हाच होता," आत्या हळूच म्हणाली. "आणि काल मी समोर असताना हा बसूनच राहिला. ज्याला बहीण ठाऊक नाही, कुणाचा मान ठाऊक नाही, असा कोणीतरी..." मग तिला एकदम आठवलं आणि ती सिनिवावर कडाडली, "आणि तुझ्या मशीनपायी मी माझ्या सज्जन भावाला उन्हात काढलं!"

इसिलेलीनं विचार केला. "सूर चांगला आहे. मुदत जवळ आली आहे. राहू दे."

राहू दिला. रेकॉर्डिंग लोकांनी डोक्यावर घेतलं. तो खर्जातला गडी कोण, अशी ऑकलंडहूनही विचारणा झाली. गावात त्या दालनाचं बाजूचं दार आता उघडंच ठेवतात, पेनीसाठी. गायकांचा खर्ज हल्ली पुन्हा बेसूर लागतो म्हणे. म्हणजे बिचारा परतला असावा. आणि दुसरा तिथून गेला असावा.

बोलल्याप्रमाणे इसिलेलीनं स्टूल सिनिवाला दिलं. पहिल्या सकाळी ती एकटीच स्टुडिओत आली, दार लावलं, हात पुसले आणि बसली. स्टूल करकरलं. काय गोड वाटलं तिला! तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"दुपारी जेवण पाठवते गं. तुला काय... अगं, आधी तुझ्याशेजारी तो गुणगुणतोय ना, त्याला गप्प कर. मला ऐकू येत नाही."

"आत्या, इथं कुणी नाही. मी एकटीच आहे."

फोनवर पंख्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"सिनिवा," आत्या अगदी हळू म्हणाली, "उठ बाळ. आणि बाहेर ये. मागं बघू नकोस."

सिनिवा उठली. दाराकडे दोन पावलं टाकली.

मागं स्टूल करकरलं.