कागदावर नव्हतं ते

आमच्या बुलिका गावात निलगिरीच्या उंच खांबावर चार भोंगे बांधलेत, चार दिशांना तोंड करून, आणि त्या खांबाखालच्या पत्र्याच्या खोलीत गेली अकरा वर्षं मी बसतो. कोण वारलं, कोणाची शेळी हरवली, दवाखान्यात लस कधी येणार, कोणाची गाय कोणाच्या केळीच्या बागेत शिरली, सगळं गावाला माझ्या तोंडून कळतं. मसाका शहराच्या बाजारात एकदा मी नुसता केळीच्या घडाचा भाव विचारला, तर पाठमोरी बाई दचकून म्हणाली, आता कोण गेलं? लोक मला चेहऱ्यापेक्षा आवाजाने जास्त ओळखत, आणि मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

धंद्याचा माझा नियम एकच. कागदावर असेल तेवढंच वाचायचं, पदरचं काही घालायचं नाही. हरवलेल्या माणसाच्या चिठ्ठीचं तर वळणच ठरलेलं असतं: नाव, बापाचं नाव, कूळ, वय, अंगावर काय होतं आणि शेवटचा कुठे दिसला. घरच्यांनी लिहून आणायचं आणि मी सकाळी सातला तीनदा वाचायचं.

नालोंगोची चिठ्ठीसुद्धा मी तशीच वाचायला घेतली. तिला जुळी झाली तेव्हापासून सगळं गाव तिला नालोंगोच म्हणतं, म्हणजे जुळ्यांची आई. जुळी तान्हेपणीच गेली आणि त्यांच्या पाठचा किझा तेवढा उरला. तो शाळेत मास्तर झाला. तिच्या चिठ्ठीत होतं: किझा, कासुलेचा मुलगा, खवल्या मांजराच्या कुळातला, वय चौतीस, निळी पँट, पांढरा शर्ट, शेवटचा दिसला शाळेच्या फाटकाशी.

आता लाजेची गोष्ट आधीच सांगून टाकतो. शेवटचा तो फाटकाशी नव्हता, माझ्या खोलीत होता. शाळा सुटली की तो माझ्याकडे चहाला यायचा. माइक बंद असायचा, पण शेजारी माझा फोन असायचा. मी काय वाचलं याचा पुरावा असावा म्हणून तो फोन मी सकाळी रेकॉर्डिंगला लावतो आणि बंद करायला विसरतो. एका सोमवारी मास्तर बोलून गेला, शाळेचं मैदान कोणी कुंपणात घातलं, त्यात कोणाकोणाचा हात आहे, अगदी नावानिशी. मंगळवारी सफारी सूट घातलेला एक माणूस माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, गावोगावचे भोंगे बंद होणार आहेत, समजूतदार माणसांचे तेवढे राहतील. मग हसत विचारलं, तुमच्याकडे गप्पा चांगल्या रंगतात म्हणे. मला कोणी मारलं नाही, कोणी धमकीही दिली नाही. मी ते रेकॉर्डिंग त्याला पाठवून दिलं. बोटाने एकदा दाबायचं, तेवढंच तर काम होतं. गुरुवारी मास्तर चहा पिऊन माझ्याकडून निघाला आणि रस्त्यावर एका बिननंबरच्या गाडीत गेला. माझा भोंगा राहिला.

नालोंगोला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती रोज सकाळी यायची, पायरीशी उभी राहून ऐकायची आणि जाताना कधी दोन अंडी, कधी पॅशनफळं ठेवून जायची. मी नको म्हणायचो. ती म्हणायची, "लेका, तुझ्या आवाजानेच तो सापडणार." मग मला जेवण जायचं नाही. अंडी मी घरी नेऊन बायकोला द्यायचो आणि स्वतः खायचो नाही, तेवढंच माझं प्रायश्चित्त. तिला कळू नये, एवढंच मला हवं होतं. बाकी सगळ्या गावाने तोंडावर थुंकलं असतं तरी चाललं असतं.

नवव्या दिवशी ती म्हणाली, बरं झालं तू स्वेटरचं सांगितलंस, मी लिहायला विसरले होते. मी विचारलं, कसला स्वेटर? तपकिरी, ती म्हणाली, उजव्या कोपराला रफू केलेला, आत्ताच नाही का तू वाचलंस. मी कागद पाहिला, त्यात स्वेटर नव्हता. पण त्या गुरुवारी पाऊस भुरभुरत होता आणि मास्तरने तो स्वेटर घातला होता, हे मला आठवत होतं. वाचताना जीभ घसरली असेल अशी मी समजूत काढली. दुसऱ्या दिवसापासून मी ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागलो.

तरी सेमांडाने विचारलंच. सेमांडा म्हणजे माझ्या खोलीसमोर चपातीत अंडं गुंडाळून विकणारा, जगाच्या चौकशा करणारा माणूस. तो म्हणाला, मास्तरच्या डाव्या बुटाचा तळवा तारेने बांधला होता, हे तुला कोणी सांगितलं? मी फोनवरचं रेकॉर्डिंग लावून त्याच्या कानाशी धरलं. त्यात निळी पँट होती, पांढरा शर्ट होता, शाळेचं फाटक होतं. बूट नव्हता. सेमांडाने ते दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "मग फोन बिघडलाय तुझा. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

मी अंधश्रद्धाळू माणूस नाही. भोंगा म्हणजे काय, एक चुंबक आणि एक पडदा, मी चारही भोंगे स्वतः उघडून जोडलेत. म्हणून मी बायकोला, नंटोंगोला, सकाळी हातपंपापाशी उभं केलं आणि मी काय बोलतो ते नीट ऐकायला सांगितलं. ती परत आली ती वैतागूनच. हरवलेल्या माणसाच्या चिठ्ठीत कोणी चहातली साखर सांगतं का, तीन चमचे घ्यायचा म्हणे. लोक हसत होते, ती म्हणाली. मास्तर तीन चमचे साखर घ्यायचा आणि ती माझ्या डब्यातून घ्यायचा. हे त्याच्या आईलाही ठाऊक नसेल, ती त्याला एकच द्यायची.

पुढच्या सकाळी भोंग्याने मास्तर शेवटचा दिसल्याची जागाच बदलली. माझ्या कागदावर फाटकच होतं आणि मी फाटकच वाचलं. पण नालोंगो पायरीशी येऊन म्हणाली, तो शेवटचा एका लाकडी खोक्यावर बसला होता, खोक्यावर कॉफीचं पोतं अंथरलेलं होतं, असं तू म्हणालास. कोणी सांगितलं तुला? मी म्हटलं, चिठ्ठी आली होती, नाव नव्हतं. पहिल्यांदाच मी तिच्याशी तोंडाने खोटं बोललो. त्याआधी फक्त गप्प बसलो होतो.

त्या दिवसापासून ती दारोदार खोकं शोधत फिरायला लागली. बिचारी प्रत्येक उंबऱ्यावर वाकून आत बघायची. माझ्या खोलीत तेवढी डोकावली नाही. मास्तर चहाला बसायचा ते माझ्या खोलीतलं खोकं मी संध्याकाळी फोडलं आणि चुलीत घातलं. नंटोंगोने त्यावर केळी उकडली. मला ती गिळवली नाहीत.

मग मी अ‍ॅम्प्लिफायरची वायर काढली. मशीन जळालंय, आठवडाभर काही होणार नाही, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खोलीत नुसता हात बांधून बसलो. बाहेर सेमांडा पीठ मळता मळता थांबला आणि मान वर करून भोंग्याकडे बघायला लागला. हातपंपावरच्या बायकाही थांबल्या. खोलीत मला माझ्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

नालोंगो आली. मशीन बंद असूनही तू वाचलंस, देव तुझं भलं करो, असं म्हणून तिने चार अंडी ठेवली. मग हळूच म्हणाली, "समोर बसलेला माणूस फोनशी चाळा करत होता, असं म्हणालास. फोनच्या काचेला कोपऱ्यात तडा होता. त्याने एकच शब्द लिहिला. कोणता शब्द रे?"

फोन माझ्या खिशात होता. मी खिशातला हात बाहेर काढला नाही.

शब्द मला माहीत होता. त्या गुरुवारी मास्तर चहा फुंकत होता तेव्हा सफारीवाल्याचा संदेश आला होता, आहे का तिथे? मी लिहिलं होतं, आहे. मग मास्तरला विचारलं होतं, आणखी साखर देऊ का?

उद्या नाव येणार, हे मला कळून चुकलं. भोंग्याने सांगण्याआधी आपण सांगावं, आपल्या तोंडाने, एवढी तरी लाज राखावी. रात्रभर मी हाच विचार केला.

सकाळी हिरवा शर्ट घालताना वरचं बटण तुटून पडलं. नंटोंगोने कुरकुरत स्वतःच्या जुन्या झग्याचं लाल बटण काढून तिथे लावलं. तुला कोण बघतंय त्या खोलीत, ती म्हणाली.

मी वायर जोडली. माइक चालू केला. दिवा लागला.

कागद घेतला नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मी पदरचं बोललो. माझं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, कूळ सांगितलं. सोमवारचं रेकॉर्डिंग सांगितलं, सफारी सूट सांगितला, मी लिहिलेला तो शब्द सांगितला. नालोंगो, मी तुमचा गुन्हेगार आहे, असं म्हणालो. मला रडू आलं, तरी मी थांबलो नाही. ठरल्याप्रमाणे सगळं तीनदा सांगितलं.

माइक बंद केला आणि वाट बघत बसलो. दगड येतील असं वाटलं होतं.

बाहेर सेमांडा चपाती उलटत होता. बायका हंडे भरत होत्या. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

नालोंगो पायरी चढून आत आली. ती कधी आत आली नव्हती.

मी म्हटलं, "ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला तिची कीव येण्याऐवजी तिलाच माझी कीव येत होती. "आज किझाचं काहीच नव्हतं. आज नवीन माणूस हरवलेला सांगितलास. नाव तुझंच. बापाचं नाव, कूळ, तेही तुझंच. हिरवा शर्ट."

मी म्हटलं, मी तसं काही बोललो नाही. मी दुसरंच बोललो.

तिने हात पुढे केला, माझ्या गळ्यापाशी आणला आणि उघडं राहिलेलं वरचं बटण अंगठ्याने हळूच काजात सरकवलं. किझाचंही ती असंच लावत असणार.

"मी बघ, किझाचा स्वेटरसुद्धा लिहायला विसरले," ती म्हणाली. "तुझ्या बायकोने लाल बटणसुद्धा लिहिलंय."