तिसरा चौकोन

मंगळावरच्या वस्तीत कोणी कोणाबरोबर जेवायचं, हे यंत्र ठरवत असे. एकदा गटबाजीतून डोकी फुटली, तेव्हापासून मंडळाचा नियम: दहा घुमट, दहा आठवडे, दर आठवड्याला प्रत्येक घुमटात प्रत्येक तुकडीतला एकच माणूस, आणि दोन तुकड्यांतली कुठलीही दोन माणसं फेरीत एकदाच एकत्र. ओळख व्हावी, कंपू होऊ नये!

त्यासाठी दहा-दहा ओळींचे चौकोन लागतात: आडवी ओळ म्हणजे आठवडा, उभी म्हणजे घुमट, आकडा म्हणजे तुकडीतला माणूस. प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत दहाही आकडे एकेकदाच. आणि एक चौकोन दुसऱ्यावर ठेवला की आकड्यांची प्रत्येक जोडीही एकदाच. शेती पाहणारे भूमिकर आणि हवा सांभाळणारे वायुकर यांचे असे दोन चौकोन होते. उशिरा आलेल्या जलकरांसाठी दोघांशीही जुळणारा तिसरा काही सापडेना. म्हणून दहा जलकर बर्फाच्या विहिरींवर एकेकटे.

दमयंती कोल्हटकर त्यांतलीच. सहा वर्षं ती यंत्राकडून चौकोन शोधून घेत होती, आणि सहा वर्षं एकटीच जेवत होती. सोबत म्हणजे वायुकर हिंदुराव शेलारांचा फोनवरचा आवाज. फोनवर कामापुरतंच बोलायचं, नातीगोती काढायची नाहीत, हाही नियमच.

"सापडला का हो चौकोन, बाई?" ते रोज विचारत.

"यंत्र आकडे भरतं, अडलं की मागे येऊन पुन्हा भरतं. वेळ लागणारच."

"अहो, एवढ्यात डोंगर पोखरून झाला असता! वाट पाहून डोळे शिणले."

आपली कोणीतरी वाट पाहतंय! त्या वाक्यावर दमयंतीचा दिवस निघे.

शेवटी चौकोन मिळाला. खोट एवढीच, की दोन जोड्या दोनदा भेटत होत्या आणि दोन कधीच नाही. मंडळाला तेवढी चालणार होती. न भेटणारी पहिली जोडी होती जलकर चार, वायुकर सात. चार म्हणजे ती स्वतः. सात म्हणजे हिंदुराव.

तिला रडूच कोसळलं. मग तिने डोळे पुसले. दोन आकड्यांची सगळीकडे अदलाबदल केली तरी चौकोन तेवढाच जुळतो. तिने वेळापत्रकात चारच्या जागी नऊ लिहिला, नऊच्या जागी चार. आता सातला कधीच न भेटणारा तो जलकर नऊ कोण, हे यादीत नव्हतं. तिनेही विचारलं नाही. मंडळाने कायमचा शिक्का मारला. प्रत्येकाला आपापला घुमट त्या-त्या आठवड्यापुरताच कळणार होता.

तिसऱ्या आठवड्यात हिंदुराव समोर येऊन बसले. आवाजावरून उंच वाटायचे, निघाले ठेंगणे. त्यांनी पुरचुंडी सोडली. आत शेंगदाण्याचे दोन लाडू.

"एक तुम्हाला, बाई. तुमचे उपकार फिटायचे नाहीत. दुसरा माझ्या कुमुदला. लेक हो माझी! तुमच्यातच आहे, नऊ नंबर. सहा वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. नियम सोडा, आता सांगूनच टाका. आम्हा बापलेकीचा आठवडा कितवा?"

दमयंतीने हातातला लाडू खाली ठेवला. हिंदुराव हसतमुखाने वाट पाहत होते.