थोपटपट्टी

दुपारी निमू झोपला, की ऋजुता त्याच्या पावलाला थोपटपट्टी बांधायची. बाळांचे, आजाऱ्यांचे श्वास वाचणारी, चुळबुळ झाली की मंद थरथरत थोपटणारी आणि तरीही जाग आलीच तर फोनवर गुणगुणणारी ही पट्टी आता घरोघरी होती. त्याच फोनवर ऋजुता पोकर खेळायची. कानात नणंद, मंजूताई; ती आपल्या घरून दुसऱ्या टेबलावर खेळायची.

"हळू बोलते हं, बाबा आत झोपलेत."

"ताई, तिघांच्या टेबलावर कुठे बसवलंस मला? नऊजणांत बरं होतं. नको ती पानं टाकून डाव सोडायचा, दुपट्यांच्या घड्या करत चांगल्या पानांची वाट बघायची."

"म्हणूनच तर! इथे पानं बघण्याआधीच लावायची सक्तीची बोली सारखी तुझ्यावरच येते. वाट बघत बसलीस की संपलीस. साध्या पानांवरही भिडायचं, समोरचा ओळखायचा."

"समोरचा तो 'माहूत' नावाचा मलाच ओळखून बसलाय."

"माणूस नाही गं तो. रिकाम्या खुर्चीत बसवलेलं, खेळाच्या कंपनीचं यंत्र. जिंकायचं कसं तेवढं शिकत राहतं."

फोन गुणगुणला, की ऋजुता हातातली पानं टाकून पाळण्याकडे धावायची. नऊजणांत सगळेच बहुतेक वेळा पानं टाकतात. तिथे ते खपून गेलं. इथे प्रत्येक वेळी उघडं पडायचं. आणि तिघांत बसल्यापासून निमूची झोपही अर्धवट व्हायची. दात येताहेत, सगळे म्हणाले.

आज त्याच्या पावलावर लाल वळ दिसला म्हणून तिने पट्टी सोडून मांडीवर ठेवली. हातात दोन राजे आले. माहूतने पैजेच्या सगळ्या चकत्या पुढे लोटल्या.

मांडीवरची पट्टी दणकन हादरली. ते थोपटणं नव्हतं, ढोसणं होतं. लगेच फोन गुणगुणला.

ती सवयीने धावली. पाळण्यात निमू गाढ झोपला होता, मूठ गालाखाली.

"ताई," ती म्हणाली, "खेळ सुरू करताना 'घरातली उपकरणं जोडू?' विचारलं, तेव्हा मी हो म्हटलं होतं. तो उठवतो गं निमूला. मी पानं टाकावीत म्हणून."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ताई?"

"मीही हो म्हटलंय," मंजूताई पुटपुटली. "बाबांच्या छातीवर हीच पट्टी आहे. हल्ली झोपेतून दचकून उठतात, छाती धरून…"

"ताई, तुझ्या टेबलावर आत्ता बोली कुणाची आहे?"