सात किलोंत मावेल तेवढं

"अकरा किलो आठशे ग्रॅम," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "केबिनमध्ये सातच चालतात, मॅडम. ही बॅग खाली द्यावी लागेल."

मागच्या वर्षी अशीच खाली दिलेली लेन्स पट्ट्यावरून परत आली, तेव्हा आतून खुळखुळ्यासारखी वाजत होती. आणि उद्या सकाळी दहाला एक जुना पूल सुरुंग लावून पाडणार होते. माझ्या माहितीपटाचा शेवट तोच. पूल काही माझ्यासाठी दुसऱ्यांदा पडणार नव्हता.

मी जाकीट चढवलं. खिशांत एक लेन्स कोंबली, बॅटऱ्या कोंबल्या, चार्जर कोंबला. रांगेतले लोक बघत होते. काटा नऊवर येऊन हटून बसला.

"माझी बॅग रिकामी आहे..." मागून आवाज आला.

वळून पाहिलं. चष्मा, दोन दिवसांची दाढी, आणि खांद्यावर खरोखरच चपटी पडलेली बॅग.

"अनोळखी माणसाकडे सामान देऊ नये म्हणतात," मी म्हणाले.

"घेऊही नये म्हणतात. म्हणून आधी उघडून दाखवा. एकेक वस्तू. मगच घेईन."

काउंटरवरच्या मुलीला हसू आवरेना. "एकत्र प्रवास करताय का तुम्ही?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"आत्तापासून... हो," तो म्हणाला.

तिने न विचारताच शेजारशेजारच्या जागा दिल्या.

तो शाळेत विज्ञान शिकवायचा. विमान वर जाईपर्यंत लेन्सबद्दल त्याने मला इतके प्रश्न विचारले, की मीच परीक्षेला बसल्यासारखी झाले. मग माझी पाळी आली.

"रिकामी बॅग घेऊन कोण निघतं हो?"

त्याचा चेहरा उतरला. मला जीभ चावावीशी वाटली.

"बाबा गेले... महिना झाला. अजून रडूसुद्धा आलेलं नाही. शिंपी होते. घर विकलंय, परवा किल्ली द्यायची. ताईने आणि मी हवं ते काढून घ्यायचं." "सकाळपासून विचार करतोय, सात किलोंत काय आणू? त्यांची कात्री आणावी, तर ती केबिनमध्ये नेऊच देणार नाहीत."

दोन खुर्च्यांमधल्या दांड्यावर त्याचा हात होता, शेजारी माझा. दोघांनीही काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तो नदीकाठी आला. दोरीपलीकडे, माझ्या मागे उभा राहिला. पूल सहा सेकंदांत खाली बसला. धूळ विरेपर्यंत मी कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही. वळले तर तो अजून पलीकडच्या काठाकडेच बघत होता.

"याच पुलावरून बाबा मला सायकलवर शाळेत सोडायचे."

"अहो, मग काल सांगायचं ना!"

"सांगून काय पूल थांबला असता?"

मी कॅमेऱ्याची तिपाई मिटत होते. "उद्या मी मोकळी आहे," मी म्हणाले. "घराचे फोटो काढून देऊ? फोटोंना वजन नसतं..."

त्याने नुसती मान हलवली.

दार ताईने उघडलं. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाली, "विमानातल्या त्या ह्याच ना? परवापासून दुसरा विषय नाही ह्याला."

"ताई..." तो कानापर्यंत लाल झाला.

मी कामाला लागले. कापायच्या टेबलाची कड एका जागी झिजून गोल झाली होती, तिथे त्याचे बाबा टेकून उभे राहत असणार. भिंतीवर पेन्सिलीने गिऱ्हाइकांची मापं लिहिलेली. खिडकीत खडूचा चुरा. सगळं टिपून मी मागच्या खोलीत गेले, आणि दारातच थबकले.

तो जमिनीवर बसला होता. अंगात पांढरा शर्ट, बाह्या नसलेला. कपाटात सापडलेला. त्याच्याच मापाचा, बाबांच्या हातून अर्धवट राहिलेला. खिडकीचा उजेड पाठीवर होता आणि खांदे हलत होते. महिनाभर न रडलेला माणूस रडत होता.

या कामाच्या अकरा वर्षांत असा क्षण मी कधी सोडला नव्हता. कॅमेरा डोळ्यापर्यंत गेलासुद्धा. मग मी तो खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "फोटो काढला नाहीस..."

नाहीस! मला ते ऐकू आलं, आणि ऐकू आलंय हे त्यालाही कळलं.

"नाही."

"का?"

"तू रडत असताना मला तुझ्याकडे काचेतून बघायचं नाहीये." "आज नाही... कधीच नाही."

त्याने माझा हात घट्ट धरला. बोटं गार होती. मग ओल्या डोळ्यांनीच स्वतःकडे बघत म्हणाला, "कसा दिसतोय हा?"

"वाईट. बाह्या लावून घेऊ."

"घेऊ?"

"हो. आपण."

"बाह्या मी लावीन," दारातून ताई म्हणाली. किती वेळ उभी होती कोण जाणे, पदराने डोळे टिपत होती. "पण आधी उठा दोघं. टेबल माझ्याकडे न्यायला माणसं आलीयेत."

आम्ही उठलो. टेबलाचं एक टोक त्याने धरलं, दुसरं मी.