एकच विहीर उरली तेव्हा

"चांगुणे, पळ! तुझ्या दिराला धरलं!" शेजारची पंचफुला दारातूनच ओरडली.

तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन चांगुणा चावडीकडं धावली. लेकीला सकाळी दूध नव्हतं म्हणून गावच्या एकुलत्या विहिरीचं पाणी पाजणार होती ती. वासानं हात थांबला होता.

निलंग्याकडच्या त्या गावात दुष्काळात पटकीची साथ शिरली होती. लातूर जिल्हा नवा, कचेरी नवी, हुकूम रोज नवे. साथीचं कारण सांगून खालच्या बौद्ध वस्तीचा आड बुजवला आणि साऱ्या गावाला वरची एकच विहीर ठेवली. तिच्या दिरानं, केरबानं, त्याविरुद्ध कचेरीवर मोर्चा नेला होता. आज त्या विहिरीचं पाणी पिऊन वरच्या आळीतल्या बाया ओकत होत्या.

चावडीपुढं काठ्या घेऊन माणसं उभी. "इख टाकलंय त्यानं विहिरीत! बाहेर काढा!"

आत केरबा खाली मान घालून बसलेला. शेजारी ग्रामसेवक शेषेराव.

"कालच गाळ काढायला उतरला होता," फौजदार म्हणाले. "पिकावर फवारायचं एंड्रिन टाकलं असंल."

"एंड्रिनला रॉकेलसारखा वास येतो, साहेब. या पाण्याला आमच्या लातूरच्या वसतिगृहातल्या टाकीचा वास हाय," चांगुणा म्हणाली.

"बाई, कॉलेजच्या गप्पा घरी."

तेवढ्यात वरच्या आळीतल्या, ओकून गळालेल्या गुणाबाईला आधार देऊन आणलं. चांगुणाची नजर तिच्या हिरव्या लुगड्यावर खिळली. जिथं बादली हिंदकळली होती, तिथं रंग उडून पांढरे चट्टे पडले होते.

तिनं शेषेरावाकडं पाहिलं. निळ्या पँटीवर, गुडघ्याखाली, तसेच चट्टे.

"भाऊसाहेब, विहिरीवर गेला होता का?"

"न्हाई बा. विहिरीत टाकायच्या औषधाचं पोतं अजून आलंच न्हाई."

"मग पँट कशानं विटली? विषानं माणूस मरतो, लुगड्याचा रंग जात न्हाई. रंग जातो तो पाणी शुद्ध करायच्या पावडरीनं. केरबाचा शर्ट बघा, फौजदारसाहेब. काल यातच तो गाळात उतरला. एक ठिपका तरी हाय का?"

शेषेरावानं पँटीवरचे चट्टे हातानं झाकले.

"किती टाकली?" चांगुणानं विचारलं.

"हुकुमात होती तेवढी. विहिरीच्या मापानं."

"काठोकाठ भरल्याच्या मापानं. आणि पाणी?"

"...गुडघाभर."

"आणि चोरून का?"

"सरकारी औषधानं माणसं मरतात, असं लोक बोलत होते. दवंडी दिली असती तर मलाच बुडवलं असतं. पहाटंच टाकली. बाया ओकाय लागल्या, तवा जीभच उचलंना. मग लोकांनीच केरबाचं नाव घेतलं..."

"आन तुम्ही घेऊ दिलं," केरबा पहिल्यांदाच बोलला.

फौजदारांनी दार लोटलं. आवाज खाली आला. "हे बाहेर गेलं तर कचेरी पेटंल. केरबाला मागच्या दारानं सोडतो. विषय मिटला."

"मिटला?" चांगुणा म्हणाली. "विष टाकून सुटलेला म्हणून याला उद्या शिवारात गाठतील. बाहेर बोलायचं ते भाऊसाहेबांनीच बोलायचं."

फौजदारांनी तिच्या कडेवरच्या लेकराकडं पाहिलं. मग त्यांनी शेषेरावाचा दंड धरून त्याला पायरीवर नेलं.

शेषेराव बोलला. निम्मे शब्द गिळत बोलला, पण बोलला.

काठ्या खाली आल्या. कुणीतरी म्हणालं, "म्हणजे सरकारनंच."

पहिला दगड सरकारी जीपवर पडला. मग मोजता आले नाहीत.

चांगुणानं पदर लेकीच्या डोक्यावर ओढला, केरबाचं मनगट घट्ट धरलं आणि भिंतीच्या कडेनं ती घराकडं चालू लागली. लेक तहानेनं रडत होती.