दुसऱ्या टप्प्यापर्यंत

ती दोघं भेटली तेव्हा तो शिडीवर होता आणि ती व्हीलचेअरवर. त्यामुळे पहिली नजर मिळायला दोघांच्याही माना अवघडल्या. टेनिस क्लबच्या खिडकीला त्याने नुकतीच बसवलेली काच तिच्या सर्व्हिसने फुटली होती.

"अहो, पुट्टीसुद्धा वाळली नव्हती!" काचवाला वरून म्हणाला.

"मग बरंच झालं. काढायला सोपी जाईल."

तो हसला. ती शाळेत गणित शिकवायची. तिच्या विनोदावर हसणारं माणूस तिला क्वचितच भेटे.

दुसऱ्या दिवशी नवी काच बसली, तरी त्याची शिडी काही आवरेना.

"तुमच्याबरोबर खेळतं कोण?"

"ही भिंत. स्वभावाने चांगली आहे. कधी नाही म्हणत नाही."

क्लबात तिचं कौतुक भरपूर व्हायचं. ‘केवढी जिद्द!’ असं म्हणून लोक दुहेरीसाठी दुसरा जोडीदार शोधायला जात. यंदाची स्पर्धा चाकांवरच्यांना आणि पायांवरच्यांना एकत्र खुली, असा फलक सेक्रेटरींनी मोठ्या हौसेने लावला होता. तो सगळ्यांनी वाचला होता. तिला मात्र अजून कुणी विचारलं नव्हतं.

"मी... येऊ?" काचवाला म्हणाला. "कॉलेजात खेळायचो. म्हणजे — हरायचो, पण खेळायचो."

नियम सोपा होता. तिच्याकडे आलेल्या चेंडूचे दोन टप्पे पडले तरी चालत, त्याला एकच. पण सरावात चेंडू तिच्या बाजूला पडला रे पडला, की हा पहिल्याच टप्प्यावर धावत येऊन तो मारायचा. प्रेमात पडलेल्या माणसाला धावावंसं वाटतं; हा तिच्या अंगणात धावत होता. ती चाक वळवून पोहोचेपर्यंत तिथे त्याची पाठ असायची.

चौथ्या दिवशी तिने रॅकेट मांडीवर ठेवली.

"तो माझा होता."

"तुम्हाला त्रास नको म्हणून —"

"त्रास मी हौसेने घेतलाय. लोक माझ्यासाठी दार उघडतात, पिशवी उचलतात... ठीक आहे. पण माझा चेंडूही तुम्हीच मारणार असाल, तर मी बघायलाच बसते. उद्या स्पर्धेतून नाव काढून घेते."

त्याचा चेहरा उतरला. त्याने आपल्या रॅकेटच्या तारांवरून अंगठा फिरवला.

"नका काढू. पुन्हा नाही येणार मध्ये."

"आणि त्यापायी हरलो तर?"

"तर... हरू."

रविवारी सामना शेवटच्या गुणावर आला. समोरच्याने चेंडू तिच्या डाव्या हाताला, लांब टाकला. पहिला टप्पा पडला. काचवाला दोन पावलांवर होता. त्याचा हात उचलला गेलेला तिला दिसला... आणि तो हात तसाच थांबलेलाही. तिने चाक मारलं. दुसरा टप्पा. तिने सारा जीव खांद्यात आणून फटका मारला.

चेंडू रेषेबाहेर, चांगला वीतभर.

"छान! छान प्रयत्न!" सेक्रेटरी टाळ्या वाजवू लागले. मागोमाग सगळा क्लब. त्या टाळ्या तिला पाठ होत्या. तिने मान खाली घातली.

काचवाला घाम पुसत आला. टाळी नाही, सांत्वन नाही.

"चाक उशिरा वळवलंस. मारता येत होता तो चेंडू. घालवलास."

तिने वर पाहिलं. इतक्या वर्षांत तिच्यावर कुणी असं चिडलं नव्हतं. डोळे भरून आले, तशी ती घाईघाईने म्हणाली, "आणि तू? पहिल्या सेटला नेटपाशी पुतळ्यासारखा उभा होतास!"

"तुझ्याकडे बघत होतो."

"...तीही चूकच."

"हो. पण ती सुधारायचा विचार नाही."

"नकोच सुधारूस," ती म्हणाली, आणि सगळ्या क्लबादेखत तिने त्याचा घामेजला हात धरला. सेक्रेटरींच्या टाळ्या थांबल्या. आता कौतुक नेमकं कशाचं करावं, ते त्यांना कळेना.