चौथा टप्पा

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी रोज लोकांची हृदयं स्क्रीनवर बघते, भुताखेतांच्या गप्पा मारायला मला वेळ नसतो. पण हे माझ्यासमोर घडलंय.

गेल्या मे महिन्यातला गुरुवार. जुन्या जालन्यातलं आमचं छोटंसं हार्ट क्लिनिक. संध्याकाळचे साडेपाच.

सकाळपासून सव्वीस इको झाले होते. मनगट ठणकत होतं. जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

सत्ताविसाव्या खैरुनबी.

रक्तवाहिनी तुंबलेली, हृदयाची पुढची भिंत हलतच नव्हती. ती मेली आहे, की रक्त कमी पडल्यामुळे नुसती झोपली आहे, एवढंच बघायचं होतं. त्यासाठी शिरेतून औषध द्यायचं, चार टप्प्यांत वाढवत. झोपलेली भिंत त्याने थोडी हलते. हलली तर बायपास. नाहीतर गोळ्या खायच्या आणि दिवस काढायचे.

बाहेर त्यांचा मुलगा सोहेब तेच ऐकायला बसला होता.

पहिला टप्पा. काही नाही.

दुसरा. तिसरा. भिंत ढिम्म.

डॉक्टर शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटकडे गेले होते. बाहेर अजून पाच जण ताटकळलेले. म्हटलं, आता काय हलणार हिचं? औषधाचा पंप बंद करायला हात पुढे केला...

"एकदा अजून बघा ना, मॅडम."

आवाज मागून आला. म्हाताऱ्या माणसाचा. माझ्याइतकाच थकलेला.

मी न वळताच सांगितलं, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं.

कुशीवर झोपलेल्या खैरुनबी हळूच म्हणाल्या, "त्या चाचांला बसू द्या ना, मॅडम. कवाचे हुभे राह्यलेत."

मी वळले.

बाईमाणसाची तपासणी, म्हणून दाराला मीच आतून कडी लावली होती. ती तशीच होती...

खोलीत आम्ही दोघीच.

मशीनचा पंखा तेवढा घरघरत होता. मग तोही ऐकू येईना.

मी चौथा टप्पा दिला. खरं सांगू? भीतीपोटी दिला.

एक मिनिट... दोन...

आणि भिंत हलली. अगदी जराशी. पण हलली.

खैरुनबींचं ऑपरेशन झालं. आता त्या घरचा जिना चढतात.

झोप उडाली ती माझी. कारण तो आवाज मी ओळखला होता.

वडीगोद्रीचे रामकिसनकाका. दोन वर्षांपूर्वी त्यांची हीच तपासणी मी केली होती. त्या दिवशीही अशीच दमले होते. तिसऱ्या टप्प्यावर थांबले, आणि कागदावर चारही टप्पे झाले म्हणून लिहिलं. शर्टाची बटणं लावताना काका हेच म्हणाले होते, एकदा अजून बघा ना, मॅडम. मी म्हटलं, काका, सगळं बघून झालंय.

त्यांचं ऑपरेशन झालं नाही. दीड महिन्यात ते गेले.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

मागच्या सोमवारी भर दुपारी त्यांच्या बायको, सगुणाबाई, स्वतःच्या तपासणीला आल्या. त्यांचं सगळं चांगलं निघालं. उठता उठता त्यांनी माझा हात धरला.

"बाई, आमच्या मालकाचं तुम्हीच बघितल्तं ना? शेवटपोत बघितल्तं ना बराबर?"

मी कान देऊन थांबले...

मागून कुणीच काही बोललं नाही.

मी हो म्हणाले.

सगुणाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.